आई-बाबांना घेऊन, टूर कंपनीशिवाय, व्हॅली ऑफ फ्लॉवर्स नॅशनल पार्क सात दिवसांत जमेल का?

जमेल, पण सात दिवसांत नाही. नऊ ठेवा. ते नऊ कुठून काढायचे तेही सांगते.

तुम्ही लिहिलंय की बाबा 62, आई 58, दोघं अधूनमधून सिंहगड चढतात, पुण्याहून ऑगस्टमध्ये निघायचंय, आणि उत्तराखंडातली फुलांची दरी (म्हणजेच व्हॅली ऑफ फ्लॉवर्स), हेमकुंडचा गुरुद्वारा, बद्रीनाथ असं तिन्ही बसवायचंय. आम्ही सासूबाईंना घेऊन असेच घरचे घरचे गेलो होतो, त्या तेव्हा साठीच्या पुढे होत्या, त्यामुळे वयाचं टेन्शन घेऊ नका. लोक सगळी चर्चा चढाईची करतात, किती किलोमीटर, दम लागेल का, गुडघे टिकतील का. पण ही ट्रिप गंडते ती चढावर नाही, रस्त्यावर. म्हणजे गाडीच्या रस्त्यावर.

ऋषिकेश ते गोविंदघाट, म्हणजे दरीच्या वाटेचा पायथा, साधारण पावणेतीनशे किलोमीटर. मोबाईलवरचा नकाशा आठ-नऊ तास दाखवेल, तो सोडून द्या. पावसाळ्यात दहा-बारा तास धरायचे आणि तेही रस्ता चालू असेल तर. श्रीनगर आणि रुद्रप्रयागच्या मधे सिरोबगड नावाचं ठिकाण आहे, वर्षानुवर्षं तिथे दरड येते, जेसीबी कायम उभा असतो, आणि दरड आली की दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागते, ड्रायव्हर निवांत उतरून चहा घेतात, आणि परतीचं विमान असलेले आपण घड्याळ बघत बसतो. कधी अर्ध्या तासात मोकळं होतं, कधी दुसऱ्या दिवशी. रात्री त्या रस्त्यावर गाड्या सोडत नाहीत, त्यामुळे संध्याकाळी उशिरा पोचू, जाऊ हळूहळू, असं तिथे चालत नाही.

आता हिशोब. दिवस पहिला पुणे ते ऋषिकेश (विमानाने दिल्ली, पुढे रेल्वे किंवा गाडी, नाहीतर देहरादूनच्या जॉली ग्रँट विमानतळावर उतरा, तिथून ऋषिकेश जवळ पडतं). दुसरा पूर्ण दिवस गाडीत, जोशीमठपर्यंत. तिसऱ्या दिवशी गोविंदघाट आणि चालत घांघरिया, ते वरचं मुक्कामाचं गाव. चौथा दरी. पाचवा हेमकुंड किंवा परत दरी. सहावा खाली उतरून जोशीमठ. सातवा ऋषिकेश. आठवा घर. हे झाले आठ आणि यात एकही दिवस हाताशी नाही. नववा दिवस त्या दरडीसाठी. सोमवार ते शुक्रवार रजा टाका, अलीकडचे पलीकडचे शनिवार-रविवार धरा, झाले नऊ. हा मोकळा दिवस आधी कुठेही खर्च करू नका, हरिद्वारला गंगा आरती वगैरे सगळं परत येताना. जाताना अडकलात तर दरीचा एक दिवस कमी होईल, येताना अडकलात तर तिकिटाचे पैसे जातात, आणि शेवटच्या क्षणी तीन माणसांचं दिल्ली-पुणे काय भावाने मिळतं ते तुम्हाला माहितीच आहे.

तारखा काढताना अजून एक. कालनिर्णय उघडा आणि गुरुपौर्णिमा बघा. उत्तरेकडे त्यांचा श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी, गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच लागतो, आणि तेव्हापासून पुढचे दोन आठवडे हरिद्वारमध्ये कावड यात्रा असते. लाखो कावडिये गंगाजल न्यायला आलेले असतात, दिल्ली-हरिद्वार रस्त्यावर ट्रॅफिक वळवतात, हॉटेलं मिळत नाहीत. एरवी हे बहुतेक वेळा जुलैमध्ये आटपतं पण गुरुपौर्णिमेच्या आधी अधिक महिना आला की ऑगस्टात सरकतं. आपल्याकडे अमावस्या होऊन श्रावण लागला की बिनधास्त निघा. पंधरा ऑगस्टचा जोडून आलेला वीकेंड मात्र टाळा, घांघरियात पाय ठेवायला जागा नसते.

फुलांचं म्हणाल तर तुमचा ऑगस्ट बरोबर आहे. पार्क 1 जून ते 31 ऑक्टोबर उघडं असतं पण जूनमध्ये जाणाऱ्यांना बर्फ दिसतो आणि सप्टेंबर संपत आला की सगळं पिवळं पडायला लागतं. जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य सगळ्यात भरलेला. आणि तेव्हाच पाऊस सगळ्यात जास्त, याला इलाज नाही, पाऊस आहे म्हणून फुलं आहेत. एक मात्र आधीच आई-बाबांना सांगून ठेवा, इन्स्टावर दिसतो तसा एका रंगाचा गालिचा प्रत्येक वेळी नसतो. कासला सप्टेंबरमध्ये अख्खं पठार निळं-गुलाबी झालेलं बघितलेली माणसं तिथे जाऊन "एवढंच?" म्हणतात. इथे फुलं हिरव्यात मिसळलेली, शेकडो जातींची, वाकून बघावी लागतात. ऑगस्टमध्ये गुलाबी बाल्सम माणसाच्या कमरेएवढं वाढलेलं असतं, म्हणजे आपल्या तेरड्याचाच भाऊबंद, आणि त्याची तयार झालेली शेंग बोटाने नुसती दाबली की फट्कन फुटून बिया उडतात, सासूबाईंनी हे शोधून काढलं आणि मग दर चार पावलांवर थांबणं सुरू झालं. (फुलं तोडू देत नाहीत, शेंगांबद्दल कोणी काही बोललं नाही, तरी तुम्ही करू नका.) नशीब असेल तर खडकांच्या आडोशाला निळी पॉपी दिसेल. ब्रह्मकमळ दरीत शोधत बसू नका, ते वर हेमकुंडच्या वाटेवर मिळतं.

आता चालणं. गोविंदघाट 1,800 मीटरच्या आसपास, म्हणजे गाडीतून उतरतानाच तुम्ही कळसूबाईच्या वर आहात. तिथून पुलना गावापर्यंत 4 किलोमीटर शेअर जीप मिळते, ती घ्याच, ते अंतर चालण्यात काही शौर्य नाही. पुलनाहून घांघरिया साधारण 10 किलोमीटर, फरसबंद वाट, नदीच्या काठाकाठाने, जागोजागी चहा-मॅगीच्या टपऱ्या. भ्यूंडार गावापर्यंत आरामात जाल, नदी ओलांडली की खरा चढ लागतो आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर संपता संपत नाहीत. आई-बाबांना सहा-सात तास धरा. सकाळी आठच्या आत निघा म्हणजे उजेडात पोचाल.

या वाटेवर धोका कसला असेल तर खेचरांचा. दिवसभर खेचरं वर-खाली चालू असतात, घंटेचा आवाज आला की बाजूला व्हायचं, पण डोंगराच्या बाजूला, दरीच्या बाजूला कधीच नाही. बिचाऱ्याच्या पाठीवर दोन्हीकडे सामान असतं, त्याचा धक्का लागला तर त्याला कळतही नाही. आणि पाऊस अधिक लीद असं मिश्रण त्या गुळगुळीत दगडांवर पसरलेलं असतं, उतरताना लोक पडतात ते यावरच. पुलनाला किंवा गोविंदघाटला बांबूची काठी मिळते, तिघांनी तीन घ्या, बाबा नको म्हणतील तरी घ्या.

सिंहगडचा सराव चांगला आहे पण थोडा बदला. आतकरवाडीतून चढून वर भजी-दही खाऊन शेअर गाडीने खाली येत असाल तर तो अर्धाच सराव झाला, पायी उतरा. आणि शनिवार-रविवार लागोपाठ करा, कारण तिथे खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठताना असते. बाबांना बीपीची गोळी वगैरे चालू असेल तर जायच्या आधी डॉक्टरांना उंची सांगून विचारा, घांघरिया 3,050 मीटर, हेमकुंड 4,300 च्या वर. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून लोक घेतात ती प्रसिद्ध गोळी (डायमॉक्स) कोणाच्या सल्ल्याने परस्पर घेऊ नका, माझ्यासुद्धा.

दरीचा दिवस असा. घांघरियातून थोडं पुढे गेलं की फाटा येतो, उजवीकडे हेमकुंड, डावीकडे दरी. फॉरेस्टच्या चौकीवर आधारकार्ड दाखवून, फी भरून परमिट घ्यायचं, सकाळी सातला गेट उघडतं, दुपारनंतर नवीन लोकांना आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी पाचच्या आत सगळ्यांना बाहेर यावं लागतं. आत तंबू लावायला बंदी, खेचरं बंद, आणि एकही टपरी नाही, त्यामुळे हॉटेलवाल्याला आदल्या रात्रीच पराठे बांधून द्यायला सांगा. चालवत नसेल तर पाठीवरच्या कंडीत (टोपलीत) बसवून नेणारी माणसं मिळतात. सुरुवातीला पुष्पावती नदीचा पूल आणि मग भूर्जाच्या झाडांतून अंगावर येणारा चढ, इथे बरेच लोक वैतागून परत फिरायच्या गोष्टी करतात. तो संपला की दरी उघडते आणि मग जवळजवळ सपाट आहे. ग्रुपवाले पहिल्या मोकळ्या जागेत फोटो काढून दीड तासात परत फिरतात, तुम्ही पुढे जात राहा. आत जोन मार्गारेट लेग या बाईंची समाधी आहे, लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानासाठी झाडं गोळा करायला आल्या होत्या, 1939 मध्ये इथेच कड्यावरून पडून वारल्या, नंतर बहिणीने येऊन दगड बसवला. तिथपर्यंत गर्दी निम्मी होते.

जाताना एक उंच, पांढऱ्या तुऱ्यांची झुडपं माजलेली दिसतील, लोक कौतुकाने फोटो काढतात. ते पॉलिगोनम. पार्क 1982 मध्ये झालं, त्यानंतर मेंढ्या चारायला बंदी आली, आणि हे पसरत गेलं असं तिथले लोक सांगतात, मेंढ्या होत्या तेव्हा फुलं जास्त होती म्हणतात. शास्त्रज्ञांमध्ये यावर दोन्ही बाजू आहेत. पण फॉरेस्टवाले दरवर्षी माणसं लावून ते उपटतात हे खरं.

हेमकुंड. माझं स्पष्ट मत, पाचव्या दिवशी सकाळी उठून आई-बाबांकडे बघा आणि मग ठरवा, घरून ठरवून जाऊ नका. सहा किलोमीटरमध्ये बाराशे मीटरच्या वर चढ आहे, दरीपेक्षा कितीतरी कठीण, आणि हवा विरळ. इथे खेचर चालतं, आईंसाठी जाताना खेचर आणि येताना पायी असं करता येतं (उतरताना खेचरावर बसणं म्हणजे स्वतःहून भीती विकत घेणं). वर मुक्काम करता येत नाही, दुपारी खाली निघावंच लागतं, म्हणून पहाटे निघायचं. गुरुद्वारात गरम खिचडी आणि चहा मिळतो, तळ्याकाठी बोटं बधिर झालेली असताना तो चहा काय लागतो हे वेगळं सांगायला नको. शेजारी लक्ष्मणाचं मंदिर आहे, आईंना सांगा. दम नसेल तर सरळ परत दरीत जा, दुसऱ्या दिवशी ऊन-पाऊस वेगळा असतो आणि ती अजिबात तशीच दिसत नाही. मला विचाराल तर मी हेच करेन.

सामानाचं फार लिहीत नाही. तीन गोष्टी. पाँचो नको, वाऱ्यात पतंग होतो, रेनकोट-पँट असा दोन भागांचा घ्या. मोजे भरपूर घ्या कारण घांघरियात काहीही वाळत नाही, वीजही लहरीवर असते. आणि रोख पैसे जोशीमठलाच काढून घ्या, वर नेटवर्क बेभरवशाचं, यूपीआयवर विसंबून चढू नका. घांघरियाची खोली मात्र निघायच्या आधी बुक करा, गढवाल मंडळ विकास निगम या सरकारी पर्यटन महामंडळाचं गेस्टहाऊस ऑनलाइन बुक होतं. काहीच मिळालं नाही तर गुरुद्वारा आहेच, घोंगडी आणि लंगर, कोणाला नाही म्हणत नाहीत.

राहिलं बद्रीनाथ. गोविंदघाटहून फक्त 25 किलोमीटर, त्यामुळे आई-बाबांना एवढ्या जवळून परत न्यायला जीवावर येईल हे कळतंय. सहाव्या दिवशी घांघरियाहून पहाटे निघून दुपारपर्यंत गोविंदघाटला उतरलात आणि वरचा रस्ता चालू असेल तर संध्याकाळी दर्शन, मुक्काम तिथेच. मग सातव्या दिवशी सरळ ऋषिकेश होईलच असं नाही, वाटेत श्रीनगरला थांबावं लागू शकतं, म्हणजे तुमचा राखीव दिवस गेला. त्यामुळे त्या दिवशी रस्त्याची बातमी काय आहे त्यावर ठरवा. चारधामचं ऑनलाइन रजिस्ट्रेशन मात्र बद्रीनाथ आणि हेमकुंड दोन्हीसाठी घरूनच करून ठेवा, नाही गेलात तरी बिघडत नाही.

गाडी ऋषिकेशहून करणार असाल तर तुम्ही वर असताना तीन दिवस ती गोविंदघाटला उभी ठेवायचे पैसे देण्यात अर्थ नाही, जाताना एक आणि येताना जोशीमठहून दुसरी करा. आणि ठरवताना रस्ता बंद पडून मुक्काम वाढला तर जास्तीच्या दिवसाचे किती, ते ड्रायव्हरशी निघायच्या आधी बोलून घ्या, दरडीसमोर उभं राहून भाव ठरत नाही.