अग्निवीर व्हायचंय, नोकरी, कॉलेज, सणवार यांतलं नेमकं काय सोडू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लष्करात चार वर्षांसाठी अग्निवीर व्हायचंय, वय 18, गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, पीयूसी (बारावी) झालंय, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत शिफ्टनं काम. घरचे म्हणतात हातातली नोकरी सोडू नको, मित्र म्हणतात सगळं सोडल्याशिवाय भरती होत नाही.

माझं उत्तर: नोकरी ठेवा, नाईट सोडा. पगार थोडा कमी येईल, येऊ दे. भट्टीजवळ आठ तास घाम गाळून पहाटे थेट ग्राउंडवर जाणारा पोरगा महिन्या-दीड महिन्यात नडगी धरून बसतो. अंगातलं पाणी गेलेलं असतं, झोप झालेली नसते आणि वर डांबरी रस्त्यावर पळणं. मालकाशी बोलून पहिली किंवा जनरल शिफ्ट मागून घ्या. जमतच नसेल तर कमी पगाराचं दिवसाचं काम बघा. पूर्ण नोकरी सोडायचीच असली तर लेखीत पास झाल्यावर, ग्राउंडच्या (मैदानी चाचणीच्या) आधी सोडा. आत्ता सोडलीत तर वर्षभर घरी बसून उगाच बोलणी खाल.

2023 पासून आधी ऑनलाइन लेखी आणि मग ग्राउंड असा क्रम आहे. आपल्याकडची बरीच पोरं अजून जुन्या हिशेबानं वर्षभर नुसती पळतात आणि कॉम्प्युटरसमोर बसल्यावर अडकतात. जीडीसाठी (जनरल ड्युटी, म्हणजे साधा शिपाई) 50 प्रश्न, 100 गुण, एक तास. बरोबर उत्तराला 2 गुण, चुकलं की अर्धा वजा. म्हणजे मोबाइलवरचे संध्याकाळचे दोन तास हा पहिला खरा त्याग. गणित आणि विज्ञान दहावीच्या पातळीचं आहे. एसएसएलसीची (कर्नाटकातल्या दहावीची) पुस्तकं नीट केलीत तरी पुष्कळ.

आता ग्राउंड. 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळालं की 60 गुण, त्याच्या पुढच्या गटाला 48. दहा पुलअप्सना 40, सहाला फक्त 16. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स नुसते पास व्हायचे. साडेपाच मिनिटं म्हणजे 400 मीटरची एक फेरी साधारण 82 सेकंदांत. पोरं इथंच चुकतात. गर्दीत धक्काबुक्की होते, कुणीतरी सुसाट सुटतो, त्याच्यामागं आपणही पहिली फेरी 70 मध्ये मारतो आणि तिसऱ्या फेरीला पाय शिशाचे होतात. 80, 84, 85, 80 असं पळा. बेरीज 5 मिनिटं 29 सेकंद. हे अंगात मुरायला आठवड्यातून एकदा 400 मीटरचे सहा तुकडे, प्रत्येक 80 सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी सावकाश पाच किलोमीटर. पूर्ण अंतर घड्याळ लावून पंधरा दिवसांतून एकदाच. रोज टायमिंग घेणारा रोज दमतो, सुधारत नाही. पळणं मातीवर ठेवा. बेळगावात राहत असाल तर व्हॅक्सिन डेपोचं मैदान आहे, गावात असाल तर शेताकडची वाट. आठवड्याचं अंतर एकदम दुप्पट करू नका. नडगीच्या हाडावर बोट दाबल्यावर एकाच जागी कळ आली तर पळणं बंद आणि डॉक्टर. बाम चोळून पळू नका.

पुलअप्सला जिम लागत नाही. सव्वा इंची जीआय पाइप पाय जमिनीला टेकणार नाहीत इतक्या उंचीवर, पडवीत लावा, कारण आपल्याकडच्या पावसात बाहेरचा पाइप चार महिने निसरडा असतो. एकही निघत नसेल तर स्टुलावरून हनुवटी वर नेऊन पाच सेकंद मोजत खाली या, असे पाच-पाचचे चार सेट. झोके देऊन काढलेले पुलअप्स तिथं मोजत नाहीत.

जेवण अजिबात सोडायचं नाही. वजन उतरवायला रात्रीची भाकरी बंद करणारे पोरगे मला वेडेच वाटतात. भाकरी, डाळ, मूठभर भिजवलेले शेंगदाणे, गूळ, दूध, परवडली तर दोन अंडी. ताकदीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या इंजेक्शनांना हात लावू नका.

टॅटूचा मोह सोडा. कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि हाताच्या पंजामागं, एवढाच चालतो; दंडावर शिवमुद्रा गोंदवलीत की मेडिकलला अडचण. गणपतीत वर्गणी द्या, आरतीला जा, पण विसर्जनाची रात्रभराची मिरवणूक यंदा टाळा. लग्नाचंही आधी घरात बोलून घ्या: भरतीला अविवाहित लागतो आणि ती चार वर्षं लग्न करता येत नाही.

कॉलेज मात्र सोडू नका, यावर मी ठाम आहे. चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के कायम होतात. बाकीचे सेवानिधीचे (चार वर्षांनी एकरकमी मिळणारे) दहा लाख आणि त्यावरचं व्याज घेऊन घरी येतात, तेही विशीतच. पहिल्या वर्षी पगार 30,000, हातात 21,000. पदवी बाहेरून का होईना, चालू ठेवा. योजना आली तेव्हा वयाची अट साडेसतरा ते 21 होती; दर जाहिरातीतली जन्मतारखेची ओळ वाचा आणि आपल्याला किती वेळा बसता येईल ते मोजा. तेच पळणं पोलीस भरतीलाही चालतं: महाराष्ट्रात 1600 मीटर आहेच, आणि सीमावादात महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांत तुमचं गाव असेल तर तिथल्या जाहिरातीत त्यासाठीचं कलम शोधा. पण अग्निवीरसाठी महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मामाच्या पत्त्यावर रहिवासी दाखला काढायच्या भानगडीत पडू नका. खोटा दाखला सापडला तर केलेली सगळी मेहनत पाण्यात. 'सेटिंग'वाल्याला द्यायला म्हैस किंवा जमीन विकू नका, तो पैसा गेलाच म्हणून समजा.

आज संध्याकाळी एक काम करा. एसएसएलसीचं मार्क्स कार्ड आणि आधार शेजारी ठेवून नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून बघा. आपल्या भागात शाळेत कन्नड वळणानं आणि आधारला मराठी वळणानं स्पेलिंग पडतं. ज्ञानेश्वरची सुरुवात एकीकडे 'जेएन', दुसरीकडे 'डीएन'. फरक दिसला तर उद्याच आधार केंद्रात जाऊन मार्क्स कार्डाप्रमाणे आधार बदलून घ्या. अर्ज सुटल्यावर तिथं रांग लागते.