‘मिस्टरांची सही आणा’

प्रश्न: वय २९, मुलगा दीड वर्षाचा. तांबी बसवलेली असूनही दिवस गेले. ११वा आठवडा चालू आहे. मला हे बाळंतपण नको. नवरा म्हणतो, ‘माझ्या परवानगीशिवाय पाडलंस तर पोलिसांत जाईन, घटस्फोटही घेईन.’ दवाखान्यातून ‘मिस्टरांची सही आणा’ म्हणून परत पाठवलं. सध्या माहेरी, सांगलीला आहे. मूल त्यांचंही आहे, मग त्यांचा हक्क नाही का?

उत्तर: ताई, आधी सहीचं बघू. वैद्यकीय गर्भपात कायदा, १९७१ च्या कलम ३(४) नुसार सज्ञान स्त्रीच्या बाबतीत संमती लागते ती फक्त तिची. संमतीच्या छापील नमुन्यावर, म्हणजे फॉर्म सीवर, नवऱ्याच्या सहीला जागाच नाही. दवाखाने सही मागतात ती पुढे भांडण नको म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ च्या निकालात डॉक्टरांच्या या सवयीवर बोट ठेवलं आहे: कुटुंबाची संमती वगैरे कायद्यात नसलेल्या अटी घालू नका.

मात्र आपल्याकडे स्त्रीने नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं अनुकूल मत लागतं. शरीर तिचं आणि शेवटचा शब्द डॉक्टरचा, हे मला खटकतं. तुमचं त्यामुळे अडणार नाही. गर्भनिरोधक साधन फसलं तर त्या मनस्तापाने स्त्रीच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा होते, असं कायदाच धरून चालतो. तांबीचं कार्ड आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट जवळ ठेवा. मेडिकलमधून गोळ्या आणून घरी घेऊ नका. गोळ्यांची मर्यादा ९ आठवड्यांची आहे, आणि नोंदणीकृत डॉक्टर नसेल तर कायद्याचं संरक्षणही जातं.

पोलिसांचं म्हणाल तर, तुमच्या संमतीने, नियमात झालेला गर्भपात गुन्हा नाही. उलट तुमचं नाव अनधिकृत माणसाला सांगणाऱ्या डॉक्टरला याच कायद्याच्या कलम ५-अ खाली १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

घटस्फोटाची धमकी मात्र अगदीच पोकळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये समर घोष खटल्यात मानसिक क्रूरतेची उदाहरणं देताना, वैद्यकीय कारण नसताना किंवा नवऱ्याच्या संमतीशिवाय वा त्याला न कळवता केलेल्या गर्भपाताचा उल्लेख केला होता. नवऱ्याचे वकील तेच वाक्य काढतील. आपल्याकडे उत्तर आहे: २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, स्त्रीला मूल जन्माला घालायची सक्ती करता येत नाही, असं घटस्फोटाच्याच प्रकरणात म्हटलं. तरीही माझा सल्ला, कळवा, पण परवानगी मागू नका. तांबी फसली, मी गर्भपात करून घेणार आहे, एवढा एक मेसेज. तारीख नको, दवाखान्याचं नाव नको. मारहाणीची भीती असेल तर तोही नको.

आता त्यांच्या हक्काचं. जन्मलेलं मूल दोघांचं, त्याच्या ताब्यासाठी बाप कोर्टात उभा राहू शकतो. पण पोटातले नऊ महिने वाटून घेता येत नाहीत. उलट्या, टाके, रक्तस्राव सगळं तुमच्याच वाट्याला. म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या सुचिता श्रीवास्तव खटल्यात २००९ साली हा निर्णय स्त्रीच्या, राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या स्वातंत्र्यात बसवला गेला. नवऱ्याशी बोलायचं असेल तर जरूर बोला. पण ते बोलणं संपायची वाट बघत आठवडे घालवू नका.

सिव्हिलमध्ये जा, आधार आणि रिपोर्ट घेऊन. तिथेही सही मागितली, तर कोणत्या कलमाखाली, ते लिहून मागा.