डिसेंबरमध्ये साताऱ्याकडचा वासोटा किल्ला आणि नागेश्वरची गुहा एकाच दिवशी होतील का? तयारी काय करावी?

होतील, पण कोयना जलाशयाकाठच्या बामणोली गावाहून पहिली बोट मिळाली तरच. म्हणून आदल्या रात्री तिथेच मुक्कामाला या. वनखात्याची परवानगी लागते, ओळखपत्र सोबत ठेवा. कोयनेचा जलाशय ओलांडला की व्याघ्र प्रकल्पाचं दाट जंगल, आत मुक्कामाला बंदी. त्यामुळे परतीची वेळ बोटवाल्या दादांशी आधीच पक्की करा आणि ती पाळाच.

नागेश्वरची वाट मात्र साधी समजू नका. ओढ्यातल्या दगडगोट्यांतून चालताना वेग निम्म्यावर येतो, फाटेही चकवतात. वाटाड्या घ्याच. दुपारी बारापर्यंत गडावरून निघालेला नसाल, तर माझ्या मते नागेश्वर सोडून द्यावं. माणशी तीन लिटर पाणी घ्या.