बागेत चोर शिरला, तर काठी कुठवर चालते?

प्रश्न: तोडणीच्या दिवसांत रात्री संत्र्याच्या बागेत चोर शिरतात. जागलीवर असताना चोराला मार बसला, तर गुन्हा आमच्यावरच दाखल होतो का? शेजारी म्हणतात, कुंपणात करंट सोडा. ते चालेल का?
– एक वाचक, वरूड

उत्तर: करंट अजिबात नको. बिहारमध्ये शेजारीण आपला संडास वापरते म्हणून एकाने तिथे उघड्या तारेत वीज सोडली, ती दगावली. ‘ती परवानगीशिवाय शिरली होती’ हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये फेटाळला (चेरुबिन ग्रेगरी खटला). तार चोर ओळखत नाही, रात्री मोटर लावायला निघालेला माणूसही तिला चिकटतो. आज अशा मृत्यूला भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जीव जाईल हे ठाऊक असून तार सोडली असं दिसलं, तर कलम 105, सदोष मनुष्यवध. बॅटरीवरचं झटका मशीन वेगळं. मात्र त्याच कुंपणाला थेट लाइन जोडली की तेही करंटच.

काठीचं उत्तर कलम 34 ते 44 मध्ये आहे. साध्या चोरीत चोराला अडवता येतं, गरजेपुरता मारही देता येतो. जीव घेता येत नाही. पोतं भरणाऱ्याने कोयता उगारला आणि मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती निर्माण झाली, तरच हक्क तिथवर जातो. तो माल टाकून पळाला की मालापुरता हक्क संपला. अशा केसेस बहुतेक इथेच बिघडतात: पकडलेल्या चोराला झाडाला बांधून सगळे हात साफ करतात. मग वैद्यकीय दाखल्यात पाठीवरचे वळ आणि मनगटावरचे दोराचे व्रण येतात, आणि स्वसंरक्षण म्हणायला जागा राहत नाही. पकडलाच तर 112 ला फोन करा आणि विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्या.

गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो, हे खरं. स्वसंरक्षण दाखवण्याचा भार आरोपीवर असतो (साक्ष्य अधिनियम, कलम 108), पण संशयातीत पुरावा लागत नाही. तसं घडलं असणं अधिक संभवनीय आहे एवढं दिसलं तरी पुरतं. म्हणून स्वतःच्या जखमा त्याच रात्री ग्रामीण रुग्णालयात दाखवून दाखला घ्या. पडलेला कोयता उचलू नका, तो पंचनाम्यात यायला हवा. आणि घाबरून ‘मी हातच लावला नाही’ असं सांगू नका. पुढे कोर्टात ‘जीव वाचवायला मारलं’ म्हणालात, की सरकारी वकील नेमकं तेच वाक्य पुढे करतो.