केबलचा पीळ

प्रश्न असा आहे: 'आई स्वेटरवरच्या एका नक्षीला केबल म्हणते, भाऊ विहिरीवरच्या मोटारीच्या वायरला केबल म्हणतो, आणि पुलालाही केबल असतेच. या सगळ्याला चालेल असा एकच मराठी शब्द आहे का? रज्जू कसा वाटतो? आणि अनेकवचन केबल्स की केबली?'

एकच शब्द नाही, आणि तो हुडकत बसू नये असं मला वाटतं. आपल्याकडे दोराला नाव पडतं ते त्याच्या कामावरून. आमच्या वाळव्याकडच्या घरी 'दोरी आण' म्हटलं की आजोबा विचारायचे, 'कसली?' बैल हाकायचा तो कासरा, गोठ्यात बांधायचं ते दावं, नाकातली वेसण, तोंडावरची म्होरकी, मोट ओढायचा तो नाडा. जाडी सारखी असली तरी दाव्याला कोणी कासरा म्हणत नव्हतं. गंमत अशी की इंग्रजीतला 'केबल' ज्या लॅटिन 'कापुलुम'वरून आला असं मानतात, त्याचा अर्थही जनावर धरायचा दोर असाच आहे. म्हणजे केबल ही मुळात म्होरकी किंवा दावं. पुढे ती जहाजाच्या नांगराला गेली, समुद्राच्या तळाला गेली आणि आता आपल्या विहिरीत उतरली.

विजेच्या बाबतीत लोकांनी फरक आधीच करून ठेवलाय, तो कोशात सापडणार नाही. खांबावरून उघडी जाते ती तार. घरात भिंतीवरून जाते ती वायर. आणि दोन-तीन वायरी एका जाड आवरणात घातल्या की केबल. पाणबुडी मोटारीची चपटी केबल कापून बघा: आत लाल, पिवळी, निळी अशा तीन वायरी शेजारी शेजारी झोपलेल्या असतात. आमच्या गावच्या वायरमननं याहून सोपी व्याख्या केली होती. 'जिच्यावर आकडा टाकता येतो ती तार, जिच्यावर येत नाही ती केबल.' चोरी थांबवायला काही ठिकाणी खांबांवर उघड्या तारांऐवजी आवरणाची जुडी ओढतात, ती याच कारणानं. अर्थात केबलही चोरीला जाते, तांब्यासाठी. कृष्णाकाठी कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. मोटारसायकलवाले मात्र हा नियम पाळत नाहीत. वीज नसलेल्या क्लचच्या तारेला ते खुशाल 'क्लच वायर' म्हणतात.

'तार' या शब्दाबद्दल एक. परदेशाहून समुद्राखालच्या केबलनं येणाऱ्या संदेशालाही इंग्रजीत केबलच म्हणत. मुंबई अशा केबलनं १८७० साली सुएझला जोडली गेली. आपण अशा संदेशाला तार म्हटलं, आणि 'तार आली' म्हटलं की घरात रडारड सुरू व्हायची. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. एवढ्या एका अर्थापुरते केबल आणि तार तंतोतंत एक होते.

आता आईची केबल. मला सगळ्यात आवडलेला भाग हाच, म्हणून इथे जरा चऱ्हाट लांबेल. सुईवर सहा सुलट टाके असतात, दोन्ही बाजूंना उलट टाके, म्हणजे मधली पट्टी उठून दिसते. दर सहाव्या किंवा आठव्या ओळीला पहिले तीन टाके तिसऱ्या छोट्या सुईवर उतरवून पुढे ठेवायचे, मागचे तीन आधी विणायचे, मग हे तीन. झालं, दोन पट्ट्या एकमेकींवरून गेल्या. उतरवलेले टाके पुढे ठेवले तर पट्टी डावीकडे कलते, मागे ठेवले तर उजवीकडे. साताऱ्यात आमच्या मावशी तिसरी सुई वापरत नसत. मोठी सेफ्टी पिन घेत, आणि ती दातात धरलेली असल्यामुळे मोजताना त्यांच्याशी बोलून उपयोग नसे.

या नक्षीला सरसकट 'वेणी' म्हणतात, पण मला ते अर्धंच पटतं. वेणीला तीन पेड लागतात. नऊ टाके घेऊन तीन-तीनचे गट एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून ओलांडले तर खरी तीनपेडी वेणी उतरते. सहा टाक्यांची, नेहमी एकाच दिशेनं वळणारी जी असते तो पीळ. आईला सांगा, 'पिळाची वीण' म्हणून बघ. सुंभ जळाला तरी जात नाही तोच हा पीळ, फक्त लोकरीतला.

आणि इथेच पूल वेगळा पडतो. सांगलीकराला पूल म्हटलं की १९२९ चा दगडी कमानींचा आयर्विन आठवतो, त्याला दोराशी देणंघेणं नाही. पण झुलत्या पुलाची मुख्य केबल बघितली तर वाटतं, हिला भरपूर पीळ असणार. मोठ्या झुलत्या पुलांवर उलटं असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९३७ सालच्या गोल्डन गेट पुलाच्या प्रत्येक मुख्य केबलीत २७,५७२ पोलादी तारा आहेत, आणि त्या वळलेल्या नाहीत. एकमेकींना समांतर ठेवून, दाबून, वरून तार गुंडाळलेली आहे. पीळ दिलेला दोर ओझ्याखाली आधी जरा ताणला जातो, आणि पुलाला ते परवडत नाही. खाणीत किंवा क्रेनवर चालणारा पोलादी दोर मात्र वळलेलाच असतो, कारण त्याला चाकावरून वाकायचं असतं. त्याला कामगार 'वायर रोप' म्हणतात. मराठीत 'तारदोर' म्हटलं तर मला चालेल.

राहिला रज्जू. रज्जुमार्ग आणि मज्जारज्जू यांत तो मुरलेला आहे, तिथे राहू द्या. विहिरीवर जाऊन 'मोटारीचा रज्जू जळाला' म्हणून बघा, माणसं आधी तुमच्याकडे बघतील, मग मोटारीकडे.

अनेकवचन: केबली. तार, दोरी या स्त्रीलिंगी असल्यामुळे असेल, वायर आणि केबलही आपण स्त्रीलिंगीच घेतल्या. भिंत-भिंती, वायर-वायरी, तशी केबल-केबली. पूर यायला लागला की नदीकाठी 'मोटारी काढा, केबली गुंडाळा' अशीच हाक ऐकू येते. केबल्स म्हणणारा तिथे अजून मला भेटलेला नाही.