पावत्यांचा ढीग आणि निसटणारा वेळ

प्रश्न : रावेर परिसरात माझा केळीखरेदीचा व्यवसाय आहे. मला एडीएचडीचे (लक्ष टिकवणे आणि कामे वेळेत उरकणे अवघड करणारी मेंदूविकासाशी संबंधित स्थिती) निदान झाले आहे. बागांमध्ये दिवसभर उत्साहाने फिरतो. मजुरी-भाड्याच्या नोंदी मात्र महिनोन्‌महिने राहतात. काय करावे?

उत्तर : याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. एडीएचडीमध्ये मेंदूतील डोपामिन या रसायनाशी निगडित प्रेरणाव्यवस्था वेगळ्या रीतीने चालते, त्यामुळे ज्या कामाचे फळ लगेच दिसत नाही ते सुरूच होत नाही आणि किती वेळ गेला याचा अंदाजही चुकतो. म्हणून रोज संध्याकाळी केवळ त्या दिवसाच्या पावत्या, समोर काट्याचे घड्याळ ठेवून, 10 मिनिटे लिहाव्यात. त्या वेळी घरातील कोणीतरी शेजारी स्वतःचे काम करीत बसावे, उपदेश मात्र करू नये. साचलेला ढीग खुशाल हिशेबनिसाकडे सोपवावा. औषधोपचाराचा निर्णय मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावा.