वाचक विचारतात : डेन्व्हरच्या मैदानात पिचरची पंचाईत का होते?

प्रश्न : मुलाकडे डेन्व्हरला गेलो की कूर्स फील्डवर बेसबॉलचा सामना बघणं होतं. तिथे धावा फार होतात. कारण विचारलं की सगळे ‘हवा विरळ आहे’ म्हणतात. पण मैदान तर चांगलं ऐसपैस आहे. मग हिशेब बरोबरीत का सुटत नाही? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हवा विरळ आहेच. वरच्या सज्जातल्या विसाव्या रांगेच्या जांभळ्या खुर्च्या समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल, म्हणजे 5,280 फुटांवर आहेत. तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण 82 टक्के भरते. तरी त्या प्रमाणात चेंडू लांब जात नाही. एरवी 400 फूट जाणारा फटका तिथे 420 फुटांच्या आसपास पडतो. बॅकस्पिन (उलटी फिरकी) घेऊन उडालेल्या चेंडूला हवा अडवते, तशी उचलूनही धरते. विरळ हवेत अडवणूक कमी होते आणि उचलही कमी मिळते, त्यामुळे फायद्यातला काही भाग तिथेच जातो.

खरं नुकसान पिचरचं, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणाऱ्याचं. कर्व्हबॉल, म्हणजे वळत खाली जाणारा चेंडू, वळतो तो फिरकी आणि हवा यांच्या जोरावर. फिरकीमुळे जो चेंडू इतरत्र 18 इंच वळेल, तो डेन्व्हरला 15 इंचांवरच थांबतो. बॅटच्या खालून निसटायचा चेंडू बॅटच्या मधोमध येतो. फास्टबॉललाही बॅकस्पिनची उचल कमी मिळते, म्हणून तो नेहमीपेक्षा खाली येतो आणि पिचरचा नेम बिघडतो. वेग ताशी मैलभर जास्त टिकतो, पण त्याने भरपाई होत नाही.

आता मैदान. होम रन (भिंतीपलीकडे जाणारे फटके) आवरावेत म्हणून भिंती लांब नेल्या : डावीकडे 347 फूट, मध्ये 415, उजवीकडे 350. पण तीनच आउटफिल्डर (मागच्या भागातले क्षेत्ररक्षक) एवढी जागा राखणार कशी? ते मागे सरकतात, मग पुढे पडणारे चेंडू सुटतात, आणि दोघांच्या मधून गेलेल्या फटक्यावर दोन-तीन बेस (धाव पूर्ण करताना गाठायचे टप्पे) सहज मिळतात. होम रनवर काढलेला उपाय साध्या हिट (बॅटरला बेस मिळवून देणारे मैदानातले फटके) वाढवून बसला. 2016 मध्ये काही भिंतींची उंची वाढवली, पण मधलं रान तेवढंच राहिलं.

चेंडू जमिनीलगत ठेवणारा पिचर इथे तरेल, असा एक समज होता. डिसेंबर 2000 मध्ये माइक हॅम्पटन या पिचरला डेन्व्हरच्या संघाकडून याच आशेने 8 वर्षांसाठी 12.1 कोटी डॉलरचा करार मिळाला. पुढच्या दोन मोसमांत दर 9 इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, त्याने दिलेल्या धावा होत्या 5.41 आणि 6.15. त्याचा सिंकरही (खाली बुडणारा चेंडू) फिरकीवरच चालायचा. उलट, 17 सप्टेंबर 1996 च्या गार, पावसाळी रात्री हिदेओ नोमो या पिचरने इथेच एकही हिट न देता सामना संपवला. त्याचं हत्यार फोर्कबॉल. त्याला फिरकी कमी, तो मुख्यतः गुरुत्वाकर्षणाने पडतो. शिवाय फास्टबॉल आणि त्याच्या वेगातला फरक हवा कशीही असली तरी राहतोच. डेन्व्हरला जाणाऱ्या पिचरने वेग बदलण्यावर जास्त भर द्यावा, असं आम्हाला वाटतं ते यामुळेच.

प्रश्न : दमट हवा जड असते, म्हणून चेंडू कमी जातो, हे बरोबर का?

उत्तर : नाही. पाण्याची वाफ नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलकी, म्हणून दमट हवा किंचित हलकीच असते. फटक्यात फरक पडतो तो जेमतेम फूटभर. तापमानाचा परिणाम याहून मोठा : 10 फॅरनहाइट अंश उष्णता वाढली की लांब फटका 3 फुटांच्या आसपास पुढे जातो.

दमटपणा मुरतो तो चेंडूत. कोरडा चेंडू हलका, टणक आणि गुळगुळीत होतो : बॅटवरून जास्त उसळतो, पिचरच्या बोटांत नीट बसत नाही. डेन्व्हरने 2002 पासून चेंडू ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे 50 टक्के आर्द्रता राखणाऱ्या बंद खोलीत ठेवायला सुरुवात केली. होम रन जवळजवळ एक चतुर्थांशाने उतरले. 2022 पासून मेजर लीगच्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या, सगळ्या मैदानांवर ही सोय आहे. दमट गावात मात्र तीच खोली चेंडू उलट कोरडा करते.

प्रश्न : डेन्व्हर सोडून मैदानाच्या आकाराचा परिणाम कुठे ठळक दिसतो?

उत्तर : बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये. डावीकडची भिंत अवघ्या 310 फुटांवर, पण 37 फूट उंच. इतरत्र झेल होईल असा उंच फटका इथे भिंतीवर आपटून दोन बेस देतो, आणि इतरत्र होम रन ठरेल असा सपाट, जोरकस फटका भिंत अडवते. सॅन फ्रान्सिस्कोत उजवी भिंत 309 फुटांवर असूनही डावखुऱ्या बॅटरना होम रन सोपे जात नाहीत. भिंत 24 फुटांची, तिच्या बाजूला मैदान झपाट्याने खोल होतं आणि खाडीवरची हवा गार. शिकागोच्या रिग्ली फील्डवर सामन्याआधी झेंडे बघावेत. वारा तळ्याकडून आत येत असेल तर पिचरचा दिवस, बाहेर जात असेल तर बॅटरचा.